मासिकलेखकाच्या श्रमाला अनुदानाच्या हिशेबात जागा द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, मुंबई

विषय : महानगरात राहून मराठी नियतकालिकांसाठी लिहिणाऱ्यांचे रोजचे काम, त्यांचे मानधन आणि मंडळाकडून अपेक्षा

महोदय,


मराठी मासिके, साप्ताहिके आणि दिवाळी अंक यांतला बराचसा मजकूर कुठल्याही कचेरीत नोकरीला नसलेली माणसे लिहितात. कुणी पूर्णवेळ लेखनावर घर चालवतो. कुणी शिकवण्या, भाषांतर, मुद्रितशोधन यांची जोड देऊन लेखन चालू ठेवते. त्यांचे नाव अनुक्रमणिकेत असते, हजेरीपटावर नसते. अशा लेखकाचा दिवस कसा जातो, एक लेख कसा तयार होतो, त्याचे मोल काय मिळते आणि कायद्याने त्याला काय दिले आहे, हे क्रमाने मांडून मंडळाकडे काही नेमक्या मागण्या करणे हा या पत्राचा हेतू आहे. मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नवलेखकांच्या पुस्तकांना आणि वाङ्मयीन नियतकालिकांना मंडळ अनुदान देते. म्हणून हे पत्र मंडळाच्याच नावे आहे.

नियतकालिकांनी मराठीला काय दिले

आधुनिक मराठी साहित्याचा मोठा भाग आधी नियतकालिकात छापून आला, पुस्तकात नंतर गेला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. १८६७ साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी क्रमशः आली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकातून प्रकरणाप्रकरणाने घरोघरी पोचली. पुढे ‘किर्लोस्कर’ (१९२०), ‘स्त्री’ (१९३०), ‘सत्यकथा’, ‘साधना’ (१९४८), ‘माणूस’ (१९६१) आणि ‘मिळून साऱ्याजणी’ (१९८९) यांनी कथा, कविता, समीक्षा, प्रवासवर्णन आणि सामाजिक वृत्तान्त यांना आपापले घर दिले. चीनच्या क्रांतीचा इतिहास सांगणारी अरुण साधू यांची लेखमाला ‘माणूस’मधून आली आणि मग तिचे पुस्तक झाले.

‘सत्यकथा’ १९८२ साली थांबली, ‘माणूस’ १९८६ साली. त्यानंतरही मासिके निघत राहिली, आजही निघतात. दैनिकाच्या बातमीला जे खोलात जाऊन सांगता येत नाही आणि पुस्तकाला जे सांगायला वर्षे लागतात, ते मासिकाचा लेख दोन-तीन महिन्यांच्या कष्टांत सांगतो. हे काम करणारी पिढी टिकली, तरच हा प्रवाह वाहता राहील.

घर आणि प्रवास

मासिकलेखकाचे काम मुंबईत असते. मंत्रालय, न्यायालये, रुग्णालये, नाट्यगृहे, ग्रंथालये आणि बरेचसे संपादक तिथेच भेटतात. घर मात्र मुंबईत परवडत नाही. गिरणगावातून, दादर-परळातून बाहेर पडलेला मराठी मध्यमवर्ग मध्य रेल्वेच्या मार्गाने डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर असा सरकत गेला. लिहिणारी माणसेही त्याच वाटेने गेली.

अंबरनाथ पूर्वेचे पालेगाव हे या सरकण्याचे आजचे टोक आहे. आनंदनगर औद्योगिक वसाहतीच्या परिसरातल्या या गावाच्या शिवारात उंच गृहसंकुले उभी राहिली. नवरा-बायको दोघे कमावते असले आणि बँकेने कर्ज दिले, तर इथे एक-दोन खोल्यांचे हक्काचे घर होऊ शकते. मासिकलेखकासाठी त्यातली एक खोली, किंवा एका खोलीचा कोपरा, हीच कचेरी. घरातली कामे आणि मुलांच्या शाळेची वेळ या दोहोंच्या आधीचा पहाटेचा काळ लेखनाचा. लेखिका असेल, तर तो काळ आणखी अलीकडे, अंधारात सुरू होतो. दिवसभरात सलग असे तेवढेच तास मिळतात.

बाहेर पडायचे तर पालेगावातून शेअर रिक्षाने अंबरनाथ स्थानक गाठायचे. सकाळच्या गर्दीत बसायला जागा हवी असेल, तर अनेक प्रवासी आधी डाऊन गाडीने बदलापूरला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला इकडे ‘रिटर्न येणे’ म्हणतात. अंबरनाथहून जलद लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला सव्वा ते दीड तास लागतो. रिक्षा, फलाटावरची वाट आणि पुढची बस धरली, तर मुंबईतल्या एका मुलाखतीसाठी जाण्या-येण्यात चार तास सहज जातात. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामध्ये चिखलोली स्थानकाचे काम हाती घेतलेले आहे. ते सुरू झाले की या टापूची पायपीट काहीशी कमी होईल.

या रेल्वेमार्गाची एक मोठी देणगी मात्र मान्य करायला हवी. अभ्यासाची उत्तम साधने त्यावर ओळीने आहेत. बदलापूरला श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. दुर्मीळ मराठी पुस्तके आणि जुनी नियतकालिके तिथे जिवापाड जपलेली आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे, दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचे. शेवटी फोर्टात एशियाटिक सोसायटी, तिची स्थापना १८०४ सालची. पालेगावचा लेखक एका पासावर या सगळ्या दारांशी पोचतो. संदर्भ शोधण्याचे त्याचे काम या ग्रंथपालांच्या आधारावर चालते आणि त्यांचे ऋण प्रत्येक चांगल्या लेखात असते.

एका लेखाची घडण

मासिकातला लेख साधारण दोन ते चार हजार शब्दांचा असतो. वाचकाला तो अर्ध्या तासात वाचून होतो. तो लिहायला काय लागते, हे पालेगावच्या जवळचाच विषय घेऊन सांगता येते. वालधुनी नदीवर लेख करायचा आहे असे धरू. ही छोटी नदी अंबरनाथजवळच्या काकोळेच्या डोंगरात उगम पावते, प्राचीन शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरातून कल्याणकडे जाते आणि उल्हास नदीला मिळते. कारखान्यांचे सांडपाणी आणि जीन्स धुण्याच्या उद्योगाचे रंगीत पाणी यांमुळे ती वर्षानुवर्षे बदनाम आहे.

पहिली पायरी नदीकाठाने चालण्याची. उगमापासून संगमापर्यंत एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पावसात. पाण्याचा रंग कुठे बदलतो, वास कुठून सुरू होतो, नाला कुठे मिळतो, हे वहीत टिपावे लागते आणि त्याच जागी छायाचित्र घ्यावे लागते. दुसरी पायरी माणसांची. काठावरचे जुने रहिवासी, कारखान्यातले कामगार, कारखानदार, नगरपरिषदेचे कर्मचारी आणि नदीसाठी झटणारे कार्यकर्ते. एका बाजूचे ऐकून लेख होत नाही, म्हणून प्रत्येकाची वेळ घ्यायची आणि वेळ मोडली तर पुन्हा जायचे. तासाभराचे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला तीन-चार तास लागतात.

तिसरी पायरी कागदपत्रांची. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. पाण्याच्या तपासण्यांचे अहवाल मागायचे तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागतो. २००५ च्या या कायद्याखाली अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पहिले अपील. म्हणजे एका आकड्यासाठी दोन-तीन महिने थांबावे लागू शकते. चौथी पायरी इतिहासाची. शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तो शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. मंदिराचे सविस्तर वर्णन ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या प्रवाहाकाठी मंदिर बांधण्याजोगे वाटले, त्याची आजची दशा वाचकासमोर ठेवायची असेल, तर दोन्ही टोकांचा पुरावा हाताशी लागतो.

मग लेखन. पहिला खर्डा नेहमीच लांबतो. त्यातला निम्मा मजकूर कमी करायचा, प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहायचा, कुणाच्या तोंडी न बोललेला शब्द गेलेला नाही ना, हे तपासायचे. संपादकाच्या शंका आल्या की त्यांची उत्तरे पुराव्यासकट द्यायची. चांगला संपादक लेखाला शिस्त लावतो आणि लेखकाला घडवतो, हे मराठीत ‘सत्यकथे’पासून अनेकांनी अनुभवले आहे.

शेवटी प्रुफे. लेखक युनिकोडमध्ये टंकलेखन करून मजकूर पाठवतो. पृष्ठरचना अजून अनेक ठिकाणी श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत होते. मजकूर एका टंकातून दुसऱ्यात जाताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोपऱ्यात’ या शब्दांतला अर्धा र हमखास तुटतो, र आणि या वेगवेगळे पडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. कधी कधी तर अवतरणचिन्हांच्या जागी भलतीच अक्षरे उमटतात. चार पानी लेखात अशी चाळीस-पन्नास ठिकाणे शोधून तिथे खुणा कराव्या लागतात. हे काम बरेचदा परतीच्या लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून, मोबाइलच्या पडद्यावर होते. छापील पानावर चूक राहिली, तर वाचक ती लेखकाच्याच नावे मांडतो. म्हणून थकवा असला तरी लेखक प्रुफे सोडत नाही.

वर्षाचे चक्र

मराठी मासिकलेखकाचे वर्ष दिवाळीभोवती फिरते. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा अखंड चालू आहे, आणि भाषेच्या नावाने इतका मोठा वाचनोत्सव भरवणारी माणसे म्हणून मराठी समाजाने तिचा अभिमान बाळगावा, अशीच ती आहे.

दिवाळी अंकासाठी विषय उन्हाळ्यात ठरतात, लेख जुलै-ऑगस्टमध्ये द्यायचे असतात, गणपतीच्या आगेमागे प्रुफे येतात आणि दसऱ्यानंतर अंक बाजारात दिसू लागतात. म्हणजे लेखकाच्या फिरतीचा आणि लेखनाचा सर्वांत कष्टाचा काळ ऐन पावसाळ्यात येतो. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पावसाळा म्हणजे काय, हे २७ जुलै २०१९ रोजी साऱ्या देशाने पाहिले. उल्हास नदीच्या पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना नौदल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक गावकऱ्यांनी सुखरूप बाहेर काढले. एवढा प्रसंग रोज येत नाही. पण रुळांवर पाणी साचून मुलाखत बुडणे, वीज जाऊन मजकूर वेळेत न पाठवता येणे, हे दर पावसाळ्यात होतेच. मुदत मात्र पुढे सरकत नाही.

दिवाळी झाली की मागणी एकदम ओसरते. नोव्हेंबरनंतरचे महिने मासिक अंकांतल्या सदरांवर, भाषांतरांवर आणि येणे असलेल्या मानधनाची वाट पाहण्यात जातात.

मानधन आणि खर्च

मराठी नियतकालिकात मोबदल्याला ‘मानधन’ म्हणण्याची रीत आहे. ते बहुधा शब्दांवर किंवा कामाच्या दिवसांवर ठरत नाही, लेखामागे एक ठोक रक्कम दिली जाते. ती किती आणि कधी मिळेल, हे लेख मागताना लेखी सांगितले जातेच असे नाही. काही संपादक अंक निघताच धनादेश पाठवतात किंवा खात्यात पैसे भरतात, आणि लेखकांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. काही ठिकाणी जाहिरातींची वसुली होईपर्यंत लेखकाने थांबायचे असते. काही ठिकाणी अंकाची प्रत हेच मानधन असते.

संपादकांची अडचण खोटी नाही. कागद, छपाई, टपाल आणि विक्रेत्याचे कमिशन यांचे पैसे रोखीने मोजावे लागतात. वर्गणीदार घटले की जाहिरातींवर मदार वाढते, आणि जाहिरातींचे पैसे उशिरा येतात. पण कागदवाला, छापखाना आणि टपाल खाते यांना जो अंक पैसे चुकते करतो, त्याने लेखकाचे तेवढे बाकी ठेवायचे, हा न्याय नाही. लेखाच्या खर्चात रेल्वेचा पास, रिक्षा, छायाप्रती, माहिती अधिकारातल्या पानांचे शुल्क, इंटरनेट आणि फोन हे सारे येते. लेखक तो खर्च पदरमोड करून आधीच करून बसलेला असतो.

कायद्याच्या संरक्षणात हा लेखक कुठे बसतो, तेही पाहायला हवे. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली स्वतंत्र कायदा झाला. वेतनमंडळे, कामाचे तास, ग्रॅच्युइटी हे सारे त्यातून आले. मात्र त्याचा आधार वृत्तपत्रातली नोकरी हा होता. घरी बसून चार मासिकांना लिहिणारा कुणाचाच नोकर नसतो. त्यामुळे भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, आजारपणाचा विमा यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. आयकरातही हेच दिसते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०क्यूक्यूबी प्रमाणे साहित्यिक, कलाविषयक वा वैज्ञानिक पुस्तकांच्या स्वामित्वधनावर लेखकाला ३ लाख रुपयांपर्यंत वजावट ठेवली होती, पण ‘पुस्तक’ या शब्दाच्या व्याख्येतून मासिके आणि वृत्तपत्रे स्पष्ट शब्दांत वगळली होती. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि तिचा अनेकांना आधार आहे. पण ती उतारवयातली सोय झाली. लिहिण्याच्या उमेदीच्या वर्षांत हाताशी काही हवे असते.

लेखावरचा हक्क

१९५७ चा स्वामित्वहक्क कायदा मासिकलेखकाच्या बाजूने बरेच काही बोलतो. ते लेखकांना आणि संपादकांनाही नीट माहीत असणे गरजेचे आहे. कलम १७ प्रमाणे लेखाचा पहिला मालक लेखक असतो. मासिकाच्या नोकरीत राहून लिहिलेल्या मजकुराबाबत, वेगळा करार नसेल तर, नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाकडे जातो, बाकी हक्क तिथेही लेखकाकडेच राहतात. बाहेरून लिहिणाऱ्याला तर हा अपवादही लागू होत नाही. छायाचित्रांचा नियम मात्र वेगळा आहे : मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढून घेणारा असतो. लेखासोबत छायाचित्रेही देणाऱ्याने हा भेद लक्षात ठेवावा.

कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि लेखकाच्या सहीनेच होते. मुदत लिहिलेली नसेल, तर ती ५ वर्षांची मानली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल, तर भारतापुरता. कलम ५७ लेखकाला आपले नाव लावून घेण्याचा आणि लेखाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क देते, हक्क विकल्यानंतरही. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे हे स्वामित्व त्याच्या वारसांकडे राहते.

आज एकच लेख छापील अंकात, ई-अंकात, संकेतस्थळावर आणि श्राव्य रूपात फिरतो. पुढे त्याचे पुस्तकही होते. प्रत्येक वापर वेगळा आहे आणि त्याचा मोबदला वेगळा ठरू शकतो. फोनवर दिलेल्या होकारातून यातले काहीच नीट ठरत नाही. एका पानाचा करार झाला, तर लेखक आणि संपादक दोघांचीही सोय होते आणि पुढचे गैरसमज टळतात.

मंडळाने काय करावे

मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला. हा दर्जा भाषेच्या जुन्या लेखनाच्या बळावर मिळाला आहे. आजचे लेखन करणाऱ्यांची जबाबदारी आजच्या संस्थांवर आहे. त्या दृष्टीने मंडळापुढे पाच मागण्या आहेत.

१. नियतकालिकांना अनुदान देताना त्यातला ठरावीक हिस्सा लेखकांच्या मानधनासाठी राखून ठेवावा आणि तो दिल्याचा हिशेब अनुदानाच्या कागदपत्रांत मागावा.

२. लेख मागतानाच मानधनाची रक्कम लेखी कळवणे आणि अंक प्रकाशित झाल्यापासून ३० दिवसांत ती देणे, ही अनुदानाची अट असावी.

३. लेखक आणि नियतकालिक यांच्यातील एका पानाच्या कराराचा मराठी नमुना मंडळाने कायदेतज्ज्ञांकडून तयार करून घ्यावा. मंडळाची पुस्तके त्याच्या संकेतस्थळावर वाचकांना खुली आहेत, तसाच हा नमुनाही तिथे खुला असावा. छापील अंक, ई-अंक, श्राव्य रूप आणि पुस्तक यांचे रकाने त्यात वेगळे असावेत.

४. नवलेखकांच्या पुस्तकांना जसे अनुदान मिळते, तसे दीर्घ वृत्तान्त लिहिणाऱ्यांना प्रवास, कागदपत्रे आणि ध्वनिमुद्रण यांसाठी लहान अभ्यासवृत्त्या द्याव्यात. निवड करताना मुंबई-पुण्याबरोबर पालेगावसारख्या शहरांच्या कडेच्या वस्त्यांतून आणि जिल्ह्यांच्या गावांतून लिहिणाऱ्यांना समान जागा असावी.

५. बदलापूर, कल्याण, ठाणे, दादर येथील ग्रंथालयांतल्या जुन्या नियतकालिकांची लेखकवार आणि विषयवार एकत्रित सूची तयार करण्यासाठी मंडळाने साहाय्य करावे. नव्या लेखकाचा अर्धा वेळ आज शोधण्यात जातो. सूची झाली, तर तो वेळ लिहिण्याकडे वळेल.

यातल्या पहिल्या तीन मागण्यांना नवा निधी लागत नाही. अटींच्या मसुद्यात काही ओळी आणि नमुना कराराचे एक पान, एवढ्यावर त्या पुऱ्या होतात. चौथीला आणि पाचवीला पैसा लागेल, आणि तो टप्प्याटप्प्याने उभा करता येईल. मंडळाने या मागण्यांवर लेखक, संपादक आणि ग्रंथपाल यांची बैठक बोलवावी आणि पुढील अनुदान-वर्षाच्या अटी जाहीर करण्यापूर्वी आपला निर्णय लेखी प्रसिद्ध करावा, ही आग्रहाची विनंती.



मराठी नियतकालिकांसाठी लिहिणाऱ्यांपैकी एक
पालेगाव, अंबरनाथ (पूर्व), जि. ठाणे